पत्ते खाली ठेवण्याची किंमत

पोकर कायमचे सोडून देण्यासाठी एखाद्या खेळाडूला किती पैसे द्यावे लागतील? प्रश्न वरकरणी गमतीचा वाटतो. चार मित्र जमले, की असे प्रश्न निघतात आणि कुणी पाच लाख, कुणी पन्नास लाख, तर कुणी एक कोटी असे आकडे सांगून मोकळे होतात. पण हा प्रश्न जरा गांभीर्याने घेतला, तर त्यातून एक चमत्कारिक विसंगती समोर येते. जो खेळाडू खरोखरच जिंकतो, त्याला आपली किंमत चटकन काढता येते. जो सतत हरतो, त्याला ती सांगता येत नाही. आणि सांगितलीच, तर ती जिंकणाऱ्यापेक्षाही मोठी असते. वास्तविक हरणाऱ्याने खेळ सोडला, तर तोटा थांबून त्याचाच फायदा व्हायचा! मग स्वतःच्या फायद्यासाठी तो वर पैसे का मागतो?

लातूर-नांदेड रस्त्यावरील चाकूरसारख्या तालुक्याच्या गावाला पोकर हा शब्द अलीकडचा आहे. तो आला मोबाइलच्या पडद्यावरून. पण पत्त्यांवर पैसे लावणे मराठवाड्याला नवे नाही. तीन पानांचा 'तिरट', 'अंदर-बाहर', 'झन्ना-मन्ना' ही नावे लातूर, नांदेड, परभणीच्या वृत्तपत्रांतील पोलिसी बातम्यांमुळे पत्त्याला कधी हात न लावलेल्या वाचकांनाही पाठ झाली आहेत. पोकर हा याच कुळातला, पण अधिक डोकेबाज भाऊबंद. त्यामुळे पोकर सोडण्याची किंमत विचारणे म्हणजे एकूणच पैसे लावून खेळण्याची सवय मोडण्याची किंमत विचारणे होय.

कौशल्य की नशीब?

पोकरच्या सर्वाधिक प्रचलित प्रकारात प्रत्येक खेळाडूला दोन पाने मिळतात व पाच पाने सर्वांसाठी मिळून टप्प्याटप्प्याने उघडली जातात. ५२ पानांतून दोन पाने १,३२६ प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी दोन एक्के हातात येण्याचे प्रकार केवळ सहा. म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा. कोणते पान कुणाला यावे, हे कुणाच्याच हाती नसते. पण आलेल्या पानांवर किती लावायचे, कधी माघार घ्यायची आणि समोरच्याची थाप कशी ओळखायची, यात कौशल्य निश्चित आहे. म्हणूनच दीर्घकाळ खेळून सातत्याने कमावणारे मोजके खेळाडू जगात आहेत आणि हजारो डावांच्या हिशेबात त्यांचे कौशल्य दिसून येते.

कायद्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा ठरला. गंमत अशी, की या वादातील एक पायाभूत निकाल चाकूर ज्या हैदराबाद संस्थानाच्या अमलाखाली होते, त्याच संस्थानाच्या कायद्यावरून निघालेला आहे. सिकंदराबादच्या एका क्लबवर हैदराबाद जुगार कायद्याखाली खटला भरला गेला. तेथे पैसे लावून रमी खेळली जात होती. नोव्हेंबर १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे; तीन पानांच्या खेळासारखा तो निव्वळ नशिबाचा नाही. म्हणजे रमी एका बाजूला आणि तिरटाचे सगेसोयरे दुसऱ्या बाजूला, अशी रेघ तेव्हाच ओढली गेली. पोकरला या रेघेच्या कोणत्या बाजूला बसवायचे, यावर उच्च न्यायालयांत एकमत झाले नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरविले, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रमीबरोबरच पोकरलाही कौशल्याचा खेळ मानले.

महाराष्ट्रात जुगारावर कारवाई होते ती १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानुसार. १९७६ मध्ये राज्याने कॅसिनोंना परवानगी देणारा एक कायदा केला होता खरा. पण तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला.

जिंकणाऱ्याचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, एक खेळाडू सर्व खर्च व कर वजा जाता पोकरमधून महिन्याला सरासरी ५० हजार रुपये मिळवतो. वर्षाला झाले सहा लाख. खेळ सोडून त्याने नोकरी धरली, तर त्याला वर्षाला तीन लाख मिळतील, असे धरू. म्हणजे खेळ सोडल्याने त्याचे दरवर्षी तीन लाखांचे नुकसान होईल. सात टक्के व्याजाने दरवर्षी तीन लाख मिळवून देणारी ठेव सुमारे ४३ लाख रुपयांची होते. ही झाली त्याची किंमत. तो आणखी किती वर्षे खेळू शकला असता, पुढे प्रतिस्पर्धी किती तयार झाले असते, नोकरीतील पगार किती वाढला असता, हे जमेस धरले की आकडा कमीच होत जाईल. रात्रीची जागरणे संपण्याचे आणि घरच्यांची चिंता मिटण्याचे मोल त्याने लावले, तर तो आणखी खाली येईल.

येथे पोकर हा एक धंदा आहे आणि धंदा विकत घेता येतो. असा खेळाडू चाळीस लाखांना होकार देईल, वीस लाखांना नकार देईल आणि दोन्ही वेळा त्याची झोप उडणार नाही. अडचण एवढीच, की असे खेळाडू फार थोडे असतात.

हरणाऱ्याचा हिशेब

आता दुसरा खेळाडू घेऊ. हा महिन्याला सरासरी पाच हजार रुपये हरतो. रक्कम शहरी वाचकांना किरकोळ वाटेल. पण वर्षाचे होतात ६० हजार. चाकूर परिसरातील खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरविला. त्या भावाने ६० हजार रुपये म्हणजे सुमारे सव्वाअकरा क्विंटल सोयाबीन. तेही हमीभाव मिळाला तर! २०२४-२५ च्या हंगामात बाजारातील भाव हमीभावाच्या खालीच राहिले होते. शिवाय हे सव्वाअकरा क्विंटल नफ्याचे नव्हेत. बियाणे, खत, फवारणी, मजुरी आणि मळणी यांचा खर्च त्यातून वजा झालेला नाही. आडतीवरून मिळालेल्या पट्टीतून हे सारे देणे भागवल्यावर जे उरते, ते पाहिले, तर महिन्याचे पाच हजार भरून काढायला कितीतरी अधिक माल पिकवावा लागेल.

हेच पाच हजार दरमहा सात टक्के व्याजाने बाजूला टाकले, तर दहा वर्षांनी सुमारे साडेआठ लाख रुपये होतात. म्हणजे या खेळाडूने आज पत्ते खाली ठेवले, तर त्याला कुणी एक पैसाही न देता दहा वर्षांत साडेआठ लाखांची पुंजी जमू शकते. अर्थशास्त्राच्या साध्या नियमाने त्याची खेळ सोडण्याची किंमत शून्याच्याही खाली आहे. खेळ सोडण्याची संधी मिळावी म्हणून त्यानेच कुणाला तरी पैसे द्यायला हवेत!

प्रत्यक्षात तो तसे करीत नाही. त्याला विचारले, की किती मिळाले म्हणजे सोडशील, तर उत्तर बहुधा एकच येते : "गेलेले निघाले, की सोडतो." या चार शब्दांत त्याचा सारा आजार सामावलेला असतो.

टेबलावरून पैसे जातात कोठे?

गेलेले पैसे खेळातूनच परत काढणे इतके अवघड का असते, हे समजण्यासाठी अड्ड्याचा हिशेब पाहावा लागेल. दहा जण प्रत्येकी एक हजार रुपये घेऊन बसले, की टेबलावर दहा हजार रुपये येतात. खेळणारे सारे सारख्याच कुवतीचे आहेत, असे धरू. अड्डा चालविणारा प्रत्येक डावातून आपली नाल, म्हणजे कपात, काढून घेतो. समजा ती पाच टक्के आहे. सरासरी २०० रुपयांच्या डावामागे दहा रुपये. तासाला तीस डाव झाले, तर तीनशे रुपये गेले. सहा तासांत गेले १,८००. सकाळी टेबलावर उरतात आठ हजार दोनशे. कुणीही लबाडी केली नाही, कुणीही चुकीचा खेळला नाही, तरी रात्र संपेपर्यंत प्रत्येकाच्या सरासरी १८० रुपयांची वाट लागलेली असते. एक-दोघे जिंकून उठतात आणि त्यांचीच गोष्ट गावात सांगितली जाते. उरलेले आठ-नऊ जण गप्प राहतात.

मटक्याचे गणितही याच जातीचे. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील दरांवर लावल्या जाणाऱ्या आकड्यांतून साठच्या दशकात मटका उभा राहिला आणि पुढे तो राज्याच्या कानाकोपऱ्यांत पोहोचला. एका आकड्यावर रुपया लावला आणि तो लागला, तर साधारणपणे नऊ रुपये मिळतात. आकडे मात्र दहा असतात. म्हणजे दर दहा रुपयांमागे एक रुपया चालविणाऱ्याच्या खिशात जाणार, हे आधीच ठरलेले.

मोबाइलवरील खेळात कपात दिसत नाही, एवढाच फरक. ऑक्टोबर २०२३ पासून या खेळांसाठी भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याआधी एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के प्राप्तिकर कापून घेण्याची तरतूद आली होती. कंपनीची कपात त्याहून वेगळी. कौशल्याच्या बळावर या साऱ्या कपातींवर मात करून उरणारा खेळाडू किती विरळा असेल, याची कल्पना यावरून यावी.

युधिष्ठिराला सारे परत मिळाले होते

"गेलेले निघाले, की सोडतो," या वचनाची परीक्षा आपल्या परंपरेने फार पूर्वी घेतली आहे. महाभारतातील द्यूताचा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो; पण त्यातील एक दुवा अनेकदा विसरला जातो. युधिष्ठिर एकदा नव्हे, दोनदा खेळला. पहिल्या द्यूतात राज्य, संपत्ती, भाऊ, स्वतः आणि द्रौपदी असे सर्वस्व तो हरला. त्यानंतर धृतराष्ट्राने द्रौपदीला वर दिले, पांडवांना मुक्त केले आणि हरलेले सर्व परत केले. म्हणजे 'गेलेले' संपूर्ण निघाले होते. एक कवडीही बाकी राहिली नव्हती. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले आणि पुन्हा खेळण्याचे बोलावणे आले. युधिष्ठिर मागे फिरला, पुन्हा बसला, पुन्हा हरला. बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास पदरात पडला, तो या दुसऱ्या डावाने.

क्षत्रियाने आव्हान नाकारू नये, हा धर्म त्याने पुढे केला. प्रत्येक जुगाऱ्याजवळ पुन्हा बसण्याचे असे एखादे प्रतिष्ठित कारण तयारच असते. कुणाला मित्रांचा शब्द मोडवत नाही, कुणाला शेवटचा हिशेब मिटवायचा असतो, तर कुणाला कार्तिकातल्या प्रतिपदेला खेळणे शास्त्रसंमत वाटते; त्या दिवसाला द्यूतप्रतिपदा असे नावच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या विलापाचे एक संपूर्ण सूक्त आहे. फाशांनी संसार उद्ध्वस्त केला, हे त्याला नेमके कळते. तरीही फाशांचा आवाज आला, की त्याचे पाय तिकडेच वळतात. दुखणे किती जुने आहे, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

मेंदूतील जमाखर्च

आधुनिक विज्ञानाने या दुखण्याची कारणे शोधण्याचा प्रयत्न केला आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर केलेले प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूतील डोपामाइन या रसायनाशी संबंधित पेशी बक्षीस मिळण्याची वाट पाहतानाही उत्तेजित होतात आणि मिळेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना ही उत्तेजना सर्वाधिक असते, असे त्यांना आढळले. खात्रीचे बक्षीस किंवा खात्रीची निराशा यांत ती धग नसते. पान उलटण्यापूर्वीचा क्षण एवढा मोठा का वाटतो, याचे उत्तर बहुधा येथे आहे.

केंब्रिजमधील ल्यूक क्लार्क यांच्या गटाने २००९ मध्ये दाखविले, की थोडक्यात हुकलेला डाव मेंदूच्या त्याच भागांना चेतवितो, जे भाग जिंकल्यावर चेततात. एका पानाने हुकले, ही हार असूनही मेंदू तिची नोंद जवळपास जमेच्या बाजूला करतो. दिवसभर हरलेला माणूस 'आज फार जवळ आलो होतो' असे का म्हणतो, ते यावरून समजते.

तिसरे कारण मनाच्या तराजूचे. डॅनियल कानमन व अमोस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार जेवढ्या लाभाचा आनंद होतो, त्यापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख अधिक असते. शंभर रुपये सापडल्याचा आनंद शंभर रुपये हरवल्याच्या दुःखाची भरपाई करीत नाही. तोट्यात असलेला माणूस तोटा मान्य करण्याऐवजी तो पुसून टाकण्यासाठी मोठी जोखीम घ्यायला तयार होतो. खेळ सोडणे म्हणजे त्याच्या दृष्टीने तोट्यावर शिक्कामोर्तब करणे. जोवर खेळ चालू आहे, तोवर तो 'हरलेला' नसतो. फक्त 'सध्या मागे' असतो. बुडत्याचा पाय खोलात जातो, तो असा.

आता सुरुवातीच्या विसंगतीचा उलगडा होतो. हरणारा खेळाडू जी किंमत मागतो, ती पैशांची नसतेच. पुढचे पान आपले असेल, ही आशा त्याला विकायची असते आणि आशेला बाजारभाव नसतो. त्याच्या हातात आलेला पैसा हा त्याला मोबदला वाटत नाही. ते त्याला पुढच्या डावाचे भांडवल वाटते. एक कोटी दिले, तर तो अधिक मोठ्या टेबलावर बसेल.

८६ डॉलरची गोष्ट

या आशेला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी कमी नाहीत. अमेरिकेतील टेनेसीचा ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस २००३ मध्ये इंटरनेटवरील ८६ डॉलरच्या स्पर्धेतून पुढे सरकत लास व्हेगासच्या जागतिक पोकर स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. त्यानंतर जगभर पोकरची जी लाट आली, तिला त्याच्याच नावाने ओळखले जाते. पण त्या स्पर्धेत ८३९ खेळाडू होते आणि प्रवेशमूल्य होते दहा हजार डॉलर. बाकीच्या ८३८ जणांपैकी किती नावे कुणाला आठवतात? जाहिराती एका मनीमेकरची गोष्ट सांगतात. उरलेल्यांची गोष्ट त्यांच्या घरचे लोक सांगू शकतात. पण त्यांना कुणी विचारत नाही.

सरकारांचा जमाखर्च

पैशांच्या मोहातून केवळ व्यक्ती सुटत नाहीत, असे नव्हे. शेजारच्या गोव्यात कॅसिनो कायदेशीर आहेत आणि सरकारी तिजोरीला त्यांचे उत्पन्न मिळते. तरीही फेब्रुवारी २०२० पासून गोव्यातील रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास सरकारने मनाई केली. पाहुण्यांचा पैसा चालेल, पण घरची पोरे त्या टेबलावर नकोत, असा त्याचा सरळ अर्थ. महाराष्ट्रानेही कॅसिनो नाकारले; पण राज्य सरकारची लॉटरी १९६९ पासून चालवली.

मोबाइलवरील खेळांचा प्रश्न मराठवाड्यात २०२५ च्या जुलैमध्ये एकदम ऐरणीवर आला. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारी चित्रफीत प्रसिद्ध झाली. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बंद करीत होतो, असा खुलासा कोकाटे यांनी केला. २० जुलै रोजी लातूरमध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष सुनील तटकरे यांच्यासमोर छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी पत्ते टाकून निषेध नोंदविला आणि त्यानंतर त्यांना मारहाण झाल्याने वातावरण तापले. महिनाअखेरीस कोकाटे यांच्याकडील कृषी खाते बदलण्यात आले. सोयाबीनच्या भावाने हैराण झालेल्या जिल्ह्यात पत्त्याची पाने हे निषेधाचे साधन व्हावे, यातच लोकांच्या मनातील सल दिसून येते.

पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला व २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यास राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. कौशल्य की नशीब, हा जुना वाद या कायद्याने बाजूला सारला आणि पैसे लावून खेळले जाणारे सर्व ऑनलाइन खेळ बंदीच्या कक्षेत आणले. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार न मानता पीडित मानले आहे. मोठ्या कंपन्यांनी त्यानंतर पैशांचे खेळ बंद केले आणि कायद्याला न्यायालयात आव्हानही दिले गेले.

या कायद्याच्या समर्थनार्थ सरकारने दिलेला अंदाज असा, की देशातील सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत दरवर्षी सुमारे २० हजार कोटी रुपये गमावतात. भागाकार केला, तर माणशी ४४४ रुपये येतात. एवढ्याने कुणाचे घर बुडत नाही. पण सरासरी नेहमी खरे दुखणे झाकते. लाखो लोक पन्नास-शंभर रुपये घालवून विसरून जातात. त्याच वेळी काही घरांत मुलांची फी, लग्नासाठी ठेवलेले दागिने आणि शेवटी जमिनीचा तुकडा जातो. कायदा झाला तो पहिल्या गटासाठी नव्हे, या दुसऱ्या गटासाठी.

पैसे देऊन सवय सुटते का?

पैसे देऊन व्यसन सोडविण्याचे प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठातील स्टीफन हिगिन्स यांनी नव्वदच्या दशकात कोकेनच्या रुग्णांना लघवीच्या तपासणीत अंश न आढळल्यास खरेदीची कुपने देण्याची पद्धत वापरली. ती बरीच परिणामकारक ठरली. रक्कम छोटी, पण लगेच मिळणारी. आणि तपासणी नियमित. जुगाराच्या बाबतीत मात्र ही पद्धत अडखळते. माणूस काल रात्री खेळला की नाही, हे सांगणारी कोणतीही लघवीची तपासणी अस्तित्वात नाही. शिवाय जुगाऱ्याच्या हाती रोख बक्षीस ठेवणे म्हणजे दारुड्याला दारू सोडल्याबद्दल बाटली भेट देण्यासारखे आहे.

घरोघरी होणारा प्रयोग वेगळा असतो. मुलगा किंवा नवरा शपथ घेतो, बाप अथवा भाऊ सावकाराचे कर्ज एकरकमी फेडतो आणि साऱ्यांना वाटते, प्रश्न मिटला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत जुगाराच्या विकाराला दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंक्तीत बसविले. त्यातील नऊ लक्षणांपैकी चार वा अधिक लक्षणे वर्षभरात दिसली, तर विकार मानला जातो. रक्कम वाढवीत नेणे, कमी करताना चिडचिड होणे, गेलेले पैसे काढण्यासाठी पुन्हा खेळणे, खोटे बोलणे ही त्यांतली काही लक्षणे. आणखी एक लक्षण असे, की जुगारामुळे आलेल्या पैशांच्या अडचणीतून सुटण्यासाठी इतरांकडून पैसे घेणे. म्हणजे घरच्यांनी प्रेमाने केलेली कर्जफेड हा उपाय नसून अनेकदा आजाराचाच एक भाग असतो. धृतराष्ट्राने सारे परत केले, तेव्हा नेमके हेच घडले होते.

याचा अर्थ कुटुंबाने हात झटकावेत, असा नाही. पैसे देण्याऐवजी पैशांचा ताबा घेणे, ही या क्षेत्रातील जाणकारांची सर्वसाधारण शिफारस आहे. बँक खाते, एटीएम कार्ड व मोबाइलवरून पैसे पाठविण्याची सोय काही काळ घरातील विश्वासू व्यक्तीकडे असावी. सर्व कर्जांची यादी एका वहीत लिहून काढावी. लपवलेले एखादे कर्ज राहिले, तर तेच पुन्हा टेबलाकडे खेचते. फेड हप्त्याहप्त्याने, त्याच्याच कमाईतून व्हावी. ज्या वेळी खेळ चालायचा, ती संध्याकाळ रिकामी राहू देऊ नये. आणि खेळ तेवढा चुकीचा, माणूस नव्हे, हे त्याला कळेल अशा भाषेत बोलावे. कारण लाजेने कोंडलेला माणूस खोटे बोलतो आणि खोटे लपविण्यासाठी पुन्हा खेळतो.

उपचारांची सोयही पूर्वीपेक्षा जवळ आली आहे. विचारांची घडी बदलणारी मानसोपचार पद्धत या विकारात सर्वाधिक तपासली गेली असून तिचा उपयोग होतो. १९५७ मध्ये लॉस एंजल्समध्ये सुरू झालेल्या 'गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस'च्या धर्तीवर एकमेकांना आधार देणारे गट अनेक देशांत आहेत. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चाकूरहूनही विनाशुल्क लागतो. कर्जाच्या ओझ्याने जीव नकोसा झालेल्या माणसाने तर पहिला फोन तेथेच करावा. कर्जातून वाट निघते, तिला वेळ मात्र लागतो.

मग किती पैसे मिळाले, तर पोकर सोडता येईल? जिंकणाऱ्याला उत्तर आकड्यात देता येते आणि त्याला ते देण्याची कुणाला गरजही नसते. हरणाऱ्यासाठी आकडा नाही. त्याने एकच नोंद आपल्या वहीत स्वतःच्या हाताने करायची असते : गेले ते गेले. ही नोंद अतिशय जड असते, कारण तिच्यासोबत आशाही खर्ची पडते. पण ती झाली, की पुढच्या महिन्याचे पाच हजार त्याच्याच घरात राहतात, आणि चाकूरच्या आडतीवर त्याच्या नावाने निघालेली पट्टी पुन्हा त्याच्याच घरी पोहोचते.